तक्रारीची पोच कोण देणार?

(31 ऑगस्ट 2025 रोजी, विमुक्त दिनानिमित्त, कोलकात्यात शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी भाषक मित्रमैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. पहिल्या पदवीधराला वस्तीत एक काम न मागता मिळतं. ते म्हणजे अर्ज लिहिण्याचं. रेशनकार्डाचा अर्ज, जातीच्या दाखल्याचा अर्ज, लाइटच्या मीटरचा अर्ज. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना असाच एक अर्ज लिहिला होता. शेजारच्या मावशींच्या मुलाला मोटारसायकल चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचललं होतं. दोन दिवसांनी सोडलं, तेव्हा त्याला पाय टेकवता येत नव्हते. अटकेचा कागद नाही, दवाखान्याचा कागद नाही. मावशी म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस, लिही."

मी लिहिला. दोन प्रती केल्या आणि मावशींना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. जमादारांनी अर्ज वाचला. अक्षर चांगलं आहे म्हणाले. मग आडनाव विचारलं. अर्ज घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. मी दुसरी प्रत पुढे केली आणि म्हटलं, "यावर पोच द्या." ते हसले. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते शेजारच्याच टेबलावर चहा पीत होते. त्या रात्री कोणीतरी वस्तीत येऊन गेलं. सकाळी मावशी दारात उभ्या होत्या. "पोरी, तो कागद परत आण गं."

मी तो परत आणू शकले नाही, कारण तो कागद कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हता. नंतर समाजशास्त्र शिकले, इथे संशोधनाला आले, पण माझा मूळ प्रश्न त्या टेबलापाशीच अडकलेला आहे. पोलिसांविरुद्धची तक्रार घ्यायची कोणी? तपास करायचा कोणी? आणि तक्रार केल्यानंतरच्या रात्री तक्रारदाराचं काय?

आज हा विषय घेण्याला दोन कारणं आहेत. पहिलं, आज 31 ऑगस्ट. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे माणसांच्या समूहांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. पोलीस पाटलाकडे हजेरी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. 1952 च्या 31 ऑगस्टला तो कायदा गेला. पोलिसांच्या मनातली यादी गेली नाही. दुसरं कारण म्हणजे हे राज्य. कोठडीतल्या मृत्यूंविरुद्धच्या आपल्या देशातल्या कायदेशीर लढाईची काही महत्त्वाची पानं पश्चिम बंगालमध्ये लिहिली गेली आहेत, आणि त्यांतलं एक पान थेट आपल्या भटक्या-विमुक्तांच्या चळवळीशी जोडलेलं आहे.

ते पान बुधन शबर यांचं. पुरुलिया जिल्ह्यातले खेडिया शबर, म्हणजे इंग्रजांच्या त्या यादीतलेच लोक. 10 फेब्रुवारी 1998 ला पोलिसांनी बुधनना पकडलं. 17 फेब्रुवारीला ते तुरुंगात मेले. सांगितलं गेलं की त्यांनी गमछाने गळफास घेतला. अशा मरणाचा एक ठरलेला क्रम असतो. देह घरच्यांच्या ताब्यात द्यायचा, लवकर जाळा म्हणून मागे लागायचं, आणि राखेबरोबर पुरावाही संपवायचा. महाश्वेतादेवींनी सांगितलेली हकिगत अशी, की शबर लोकांनी पोलिसांना दाखवायला एक बुजगावणं जाळलं आणि बुधनचा देह घराशीच पुरून ठेवला. महाश्वेतादेवी ज्या खेडिया शबर कल्याण समितीचं काम करत होत्या, ती समिती कोलकाता उच्च न्यायालयात गेली. देह पुन्हा तपासता आला. न्यायमूर्ती रूमा पाल यांनी आत्महत्येची गोष्ट मान्य केली नाही. त्याच वर्षी जुलैत सीबीआय तपासाचा आणि भरपाईचा आदेश झाला.

त्या साली मार्चमध्ये महाश्वेतादेवी बडोद्याला व्याख्यानाला गेल्या. त्यातून गणेश देवी आणि आपले 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांच्यासोबत भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी एक कृतिगट उभा राहिला. 31 ऑगस्ट 1998 ला अहमदाबादच्या छारानगरातल्या तरुणांनी 'बुधन' हे नाटक उभं केलं. आणि याच साली जूनमध्ये आपल्या बारामतीत पिन्या हरी काळे हे पारधी समाजातले गृहस्थ पोलिसांच्या ताब्यात मेले. पुरुलिया आणि बारामती. भाषा वेगळी, सरकारचा रंग वेगळा. मरणारा मात्र एकाच जुन्या यादीतला.

बुधनच्या प्रकरणात 'स्वतंत्र देखरेख' नेमकी कोणी केली, याचा विचार करा. पुरावा सांभाळला तो निरक्षर म्हणवल्या जाणाऱ्या लोकांनी. तपास त्याच पोलिसांकडे राहिला असता तर काय होईल, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण त्यांच्या पाठीशी एक मोठी लेखिका होती, एक समिती होती, उच्च न्यायालयापर्यंत जायची ताकद होती. ज्या शबर, पारधी, वडार, मांग घराच्या पाठीशी हे नाही, त्या घराच्या बुधनचं काय? देखरेखीची व्यवस्था लागते ती त्या घरासाठी.

आता कायद्याकडे येऊ. 26 ऑगस्ट 1986 ला या राज्याच्या विधी साहाय्य सेवेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक पत्र पाठवलं. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या, त्यांच्याकडे लक्ष वेधणारं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. निकाल आला 18 डिसेंबर 1996 ला. त्यात अटकेसाठी 11 दंडक घातले. पोलिसाच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी. अटकेच्या वेळी पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची सही हवी. घरच्यांना कळवायला हवं. अंगावरच्या जखमांची नोंद व्हायला हवी. कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. आज यातलं बरंचसं कायद्यातच आलेलं आहे.

एका पत्रातून एवढं झालं, याचा आपल्यासारख्या अर्ज लिहिणाऱ्यांना अभिमान वाटला पाहिजे. पण बुधन शबर मेले ते या निकालानंतर अवघ्या चौदा महिन्यांनी आणि याच राज्यात. नियम होते. ते पाळले जातात की नाही हे पाहणारा, आणि पाळले नाहीत तर तपास करणारा, पोलीस खात्याबाहेरचा कोणी नव्हता.

कोणी म्हणेल, हे गरिबांचं, अडाण्यांचं होतं. शिकलेल्यांचं काय होतं तेही पाहू. अर्चना गुहा या शाळेच्या मुख्याध्यापिका. जुलै 1974 मध्ये त्यांना कोलकाता पोलिसांच्या मुख्यालयात, लालबझारमध्ये नेलं. तिथल्या छळाने त्यांना चालता येईना. पुढे उपचारांसाठी डेन्मार्कला जावं लागलं. 1977 मध्ये खटला दाखल झाला. त्यांचे भाऊ सौमेन गुहा न्यायालयात स्वतः उभे राहून लढले. शिक्षा झाली 1996 मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी, आणि तीही वर्षभराच्या कैदेची. मधल्या काळात त्या पोलीस अधिकाऱ्याला बढत्या मिळत गेल्या. भद्रलोक घर, शिक्षण, परदेशातून मदत, हे सगळं असून एकोणीस वर्षं.

दुसरं उदाहरण जादवपूर विद्यापीठातले प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांचं. एप्रिल 2012 मध्ये मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवलं म्हणून त्यांना अटक झाली. पश्चिम बंगाल मानवाधिकार आयोगाने चौकशी केली. प्राध्यापकांना आणि त्यांच्यासोबत अटक झालेल्या शेजाऱ्यांना प्रत्येकी 50 हजार रुपये भरपाई द्या, दोन पोलिसांवर खातेनिहाय कारवाई करा, अशी शिफारस केली. राज्य सरकारने ती मानली नाही. भरपाईसाठी 2015 मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. प्राध्यापकांवरचा मूळ खटला संपायला 2023 उजाडलं.

यात आयोगाची चूक नव्हती. त्याने काम केलं होतं. पण 1993 च्या मानवाधिकार संरक्षण कायद्याने आयोगाला दिली ती फक्त शिफारशीची ताकद. हा आयोग बरीच वर्षं अलीपूरच्या भवानी भवनात होता. त्याच इमारतीत राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचंही मुख्यालय आहे. पुरुलियाहून पोलिसांविरुद्ध गाऱ्हाणं घेऊन आलेल्या शबर बाईने त्या इमारतीच्या दारातून कसं जायचं? कायद्याच्या पुस्तकात ही अडचण दिसत नाही. तक्रार घेऊन गेलेल्यालाच ती कळते.

देखरेख मुळातच नसेल तर काय होतं, याचं सर्वात वाईट उदाहरण याच राज्यातलं आहे. सुंदरबनातलं मरिचझापी बेट. पूर्व बंगालमधून आलेल्या नमशूद्र निर्वासितांना दंडकारण्यात नेऊन टाकलं होतं. त्यांच्यातल्या काहींच्या वसाहती आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही आहेत. त्यांतली हजारो माणसं दंडकारण्य सोडून 1978 मध्ये मरिचझापीला आली. स्वतःच्या हाताने शाळा, विहिरी, बाजार उभारला. जानेवारी 1979 मध्ये पोलिसांनी बेटाची नाकेबंदी केली, 31 जानेवारीला गोळीबार केला, आणि मे महिन्यात वस्ती उठवली. ज्या बंगालच्या नमशूद्रांनी, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पुढाकाराने, 1946 मध्ये बाबासाहेबांना संविधान सभेत निवडून पाठवलं, त्यांच्याच जातभाईंची ही गत. किती मेले? सरकार म्हणत राहिलं दोन. वाचलेले लोक शेकड्यांत बोलतात. शेहेचाळीस वर्षं झाली तरी आकड्यावर एकमत नाही, कारण स्वतंत्र न्यायालयीन चौकशी झालीच नाही. स्वतंत्र चौकशी नसली की शिक्षा तर दूरच, मेलेल्यांची मोजदादसुद्धा होत नाही.

याच्याशेजारी घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर ठेवून पाहा. 11 जुलै 1997 ला बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जणांचा जीव गेला. पोलीस सांगत होते की गॅसच्या टँकरला आग लावली जाणार होती. न्यायमूर्ती गुंडेवार आयोग नेमला गेला. आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. 2009 मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप दिली, आणि पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. समाधानाची गोष्ट ही नव्हेच. पण तिथे मेलेल्यांची नावं आहेत, संख्या आहे, निष्कर्ष कागदावर आहे. बाहेरच्या माणसाने चौकशी केल्याने एवढा फरक पडतो.

मात्र प्रत्येक वेळी दहा माणसं मेल्यावर आयोग नेमायचा, ही व्यवस्था होऊ शकत नाही. म्हणून 22 सप्टेंबर 2006 च्या प्रकाश सिंह प्रकरणातला निकाल आपल्याला नीट माहीत हवा. सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जे आदेश दिले त्यांत एक असा होता: राज्य आणि जिल्हा, दोन्ही पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापन करा. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, आणि त्यांची निवड न्यायव्यवस्थेने सुचवलेल्या नावांतून. कोठडीतला मृत्यू, गंभीर इजा, बलात्कार या तक्रारी तिथे जाव्यात. जिल्हा पातळीवर खंडणी, जमीन-घर बळकावणं यांच्याही. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे, प्राधिकरणाची शिफारस संबंधित अधिकाऱ्यांवर बंधनकारक असावी.

राज्यांनी याचं काय केलं? पश्चिम बंगालने नवा पोलीस कायदाच केला नाही. 1857 च्या उठावानंतर रयतेवर जरब बसवायला इंग्रजांनी केलेला 1861 चा पोलीस कायदा इथे अजून पाया आहे. आपल्या महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा दुरुस्त करून प्राधिकरण आणलं. मात्र जिल्ह्याच्या जागी विभाग केला. म्हणजे गडचिरोलीच्या माडिया माणसाने नागपूर गाठायचं. सदस्यांत सेवेतला वरिष्ठ पोलीस अधिकारी बसवला. आणि अहवाल कारणं नोंदवून नाकारायची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली. न्यायालयाने सांगितलेला 'बंधनकारक' हा शब्द असा पातळ झाला.

म्हणून माझं आजचं म्हणणं सांगते. कोणतीही देखरेख 'स्वतंत्र' आहे असं सांगितलं, की आपण तिला चार प्रश्न विचारायचे. तपास कोण करतं? निर्णय कोणावर बंधनकारक आहे? तिथे बसलेली माणसं कुठल्या घरांतून आली आहेत? आणि तक्रार केल्यावर तक्रारदार आपल्या घरात निर्धास्त झोपू शकतो का?

पहिला प्रश्न सर्वात कळीचा आहे. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असले, पण तक्रारीचे कागद चौकशीसाठी पुन्हा त्याच जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाकडे जात असतील, तर माझा अर्ज फिरून त्याच ड्रॉवरमध्ये गेला. उत्तर आयर्लंडमध्ये पोलिसांवर एका मोठ्या समाजाचा काडीचा विश्वास नव्हता. तिथे 2000 पासून पोलीस लोकपालाचं कार्यालय आहे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तिथे जातात आणि तपास त्या कार्यालयाचे स्वतःचे तपासी अधिकारी करतात. इंग्लंडमध्ये 1993 साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. पोलिसांनी तपासाचा बोजवारा उडवला. 1999 च्या चौकशी अहवालाने लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वंशवाद आहे असं स्पष्ट लिहिलं, आणि तक्रारींसाठी वेगळा आयोग आला. तिथेही सगळं आलबेल नाही. पण 'संस्थात्मक वंशवाद' हा शब्द तिथल्या सरकारी अहवालात आला. आपल्याकडच्या अहवालात 'जात' हा शब्द यायला अजून किती वर्षं लागणार?

तिसरा प्रश्न जोतीरावांचा आहे. 'शेतकऱ्याचा असूड' 1883 मध्ये लिहून झाला. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं वरच्या साहेबापर्यंत पोचेपर्यंत मधल्या भटकारकुनांच्या हातात त्याचं काय होतं, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. निवृत्त न्यायाधीश, निवृत्त सचिव, निवृत्त पोलीस अधिकारी अशी समिती बनली, तर ती बहुतेक वेळा कुठल्या समाजांतून बनते हे मी तुम्हाला सांगायला नको. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, मुस्लिम आणि स्त्रिया यांना तिथे कायद्यानेच जागा हवी. उपकार म्हणून नको. वस्तीवर रात्री आलेली जीप म्हणजे काय, हे समजणारं माणूस त्या टेबलावर हवं म्हणून हवी.

हे सगळं आजचं आहे, हे परभणीने दाखवून दिलं. 10 डिसेंबर 2024 ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. बंद झाला, दगडफेक-जाळपोळ झाली, पोलिसांनी वस्त्यांतून धरपकड केली. त्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला, म्हणजे विमुक्त, आणि कायद्याचा विद्यार्थी. आपल्यासारखाच. 15 डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मेला. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे शवविच्छेदनात पुढे आलं. सभागृहात मात्र त्याच्या श्वसनाच्या आजाराबद्दल सांगितलं गेलं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांना जबाबदार धरलं. तरीही गुन्हा नोंदला गेला नाही. त्याच्या आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, बाळासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडली. 4 जुलैला न्यायालयाने गुन्हा नोंदवा म्हटलं. त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. 30 जुलैला तिथे सरकारची याचिका फेटाळली गेली. साडेसात महिने लागले, आणि तेही फक्त गुन्हा नोंदवण्यासाठी. एका आईला पोच मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

इथे माझे काही मित्र विचारतात, अशाने पोलिसांचं मनोधैर्य खचणार नाही का? खोट्या तक्रारींचं काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही. आपल्या कितीतरी घरांत पहिली सरकारी नोकरी पोलीस भरतीतूनच आली आहे. माझा मावसभाऊ शिपाई आहे. सोळा-सोळा तास बंदोबस्त, साहेबाच्या घरची कामं, सुट्टी नाही. 1982 च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे पोलीस शिपाई याच जाचाविरुद्ध उठले, तेव्हा त्यांची संघटनाच मोडून टाकली गेली. कोठडीत काठी चालवायला सांगणारा वरचा असतो, निलंबित होतो तो बहुतेकदा खालचा. खरा स्वतंत्र तपास हुकूम कोणी दिला हेही विचारतो. त्यामुळे प्रामाणिक शिपायालाही त्याची गरज आहे. आणि तक्रार खोटी आहे की खरी, हेही पोलिसांबाहेरच्या माणसाने सांगितलं तरच लोक त्यावर विश्वास ठेवतील.

व्यवस्था येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात काय आहे? आपण अर्ज लिहिणारी माणसं आहोत, तर अर्ज नीट लिहू. महाराष्ट्रात ठाण्यात म्हणतात, "एनसी करून घेतो." इथे म्हणतात, "जीडी करा." दोन्हींचा अर्थ बहुतेकदा तपास न करण्याचा असतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर असेल तर गुन्हा नोंदवणं सक्तीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या ललिता कुमारी निकालात सांगितलं आहे. ठाण्यात नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा. ती पोचपावती हाती आली की तीच तुमची पोच. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद करा, जखमांचे तारखेसह फोटो ठेवा. डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंह सैनी निकालाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही सक्तीचा केला. चित्रण 18 महिने, आणि तेवढी सोय नसेल तर किमान वर्षभर जपून ठेवायचं आहे. म्हणून तारीख आणि वेळ लिहून ते जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच आठवड्यात लेखी करा. मानवाधिकार आयोग वर्षापेक्षा जुन्या घटनेची चौकशी करत नाही, हे विसरू नका. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी सक्तीची आहे. आणि अंत्यसंस्काराची घाई कोणीही करत असेल तर पुरुलियाच्या शबरांची आठवण ठेवा.

शेवटचं म्हणजे, एकट्याने जाऊ नका. माझी चूक ती होती. मी एकोणीस वर्षांची पोर आणि सोबत घाबरलेली मावशी. अर्ज बरोबर होता. पण त्या रात्री वस्तीत जीप येईल तेव्हा मावशींच्या ओट्यावर कोण बसणार, याचा विचार मी केला नव्हता. आता आपण ज्या गावांना, ज्या वस्त्यांना सुट्टीत जातो, तिथे चार-पाच शिकलेल्या पोरापोरींची नावं आणि फोन नंबर तरी एकमेकांकडे असू देत. बाजूला एक वकील, एक डॉक्टर, एक पत्रकार. आणि जिल्ह्याच्या पातळीवर, स्वतःचे तपासी अधिकारी असलेलं, आपली माणसं असलेलं, ज्याचा निर्णय सरकारला नाकारता येणार नाही असं प्राधिकरण द्या, ही मागणी आपल्या प्रत्येक सभेच्या ठरावात यायला हवी.

त्या अर्जाची दुसरी प्रत, जिच्यावर शिक्का बसला नाही, ती अजून माझ्या फायलीत आहे. मावशींचा मुलगा आता पुण्यात ड्रायव्हर आहे. थंडीत त्याचे पाय अजून दुखतात. मागच्या दिवाळीत त्याने मला विचारलं, "ताई, तो कागद आता चालेल का गं?" मी त्याला खरं सांगितलं, की मुदत गेली. पुढच्या पोराची मुदत जाऊ नये, एवढंच सांगायला मी आज उभी राहिले.

जय भीम. जय संविधान.